थॉमस (तोमा) : नावाचा अर्थ आणि उगम

थॉमस हे नाव आपल्याला एकदम इंग्लिश वाटतं पण मुळात ते अरामी या येशूच्या काळच्या भाषेतलं आहे आणि खरं म्हणजे ते नावच नव्हतं, साधा शब्द होता. अरामीत 'तोमा' किंवा 'तओमा' म्हणजे जुळा. हिब्रूत 'तओम', अरबीत 'तवअम', सगळी एकाच घरातली भावंडं, आणि मिथुन राशीला हिब्रूत 'तओमीम' म्हणतात ते यावरूनच.

येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाला तोमा म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे धाकट्याला बाळ्या म्हणतात तसं हे हाक मारायचं नाव असणार. योहानाच्या शुभवर्तमानात त्याला 'दिदुम' पण म्हटलंय, तो ग्रीक शब्द, अर्थ परत जुळाच! म्हणजे लिहिणाऱ्याने ग्रीक वाचकांसाठी नावाचं भाषांतर करून दिलं. सिरियाक (अरामीचीच एक बोली) परंपरेत त्याचं खरं नाव यहूदा, म्हणून यहूदा तोमा. कोणाचा जुळा हे बायबल सांगत नाही, पण तिसऱ्या शतकातल्या 'तोमाची कृत्यं' या सिरियाक ग्रंथात तो थेट येशूचाच जुळा आहे, आणि त्याच ग्रंथात तो भारतात गोंडोफारेस राजाकडे येतो.

अरामी शब्द ग्रीकमधे गेला तेव्हा शेवटी 'स' लागला, सुरवातीला थीटा हे अक्षर आलं, ज्याचा उच्चार त्या काळी आपल्या 'थ'सारखाच होता. नंतर इंग्रजांनी स्पेलिंगमधे एच ठेवला पण उच्चार 'टॉमस' केला, त्यामुळे आपण मराठीत 'थॉमस' लिहितो ते चुकीचं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मराठी बायबलमधे 'थोमा' आहे, मला तेच सगळ्यात गोड वाटतं.

इंग्लंडमधे हे नाव घराघरात गेलं ते कँटरबरीच्या आर्चबिशप थॉमस बेकेटमुळे, त्याचा 1170 मधे चर्चमधेच खून झाला आणि 1173 मधे त्याला संत घोषित केलं. थॉम्पसन, टॉमलिन्सन ही आडनावं यातूनच आली.

केरळात मात्र हे नाव युरोपातून आलेलं नाही, ते सिरियाकमधून सरळ आलं. तिथले नसराणी लोक (केरळचे जुने ख्रिस्ती) मानतात की संत तोमा इसवी सन 52 मधे त्यांच्या किनाऱ्यावर उतरला. थोमा, थोम्मन, ओमन (माजी मुख्यमंत्री ओमन चंडी यांचं) ही सगळी एकाच नावाची रूपं. संत तोमाच्या 3 जुलैच्या सणाला ते 'दुक्राना' म्हणतात, तोही सिरियाक शब्द, अर्थ आठवण.

गोव्यात पोर्तुगीजांमुळे 'तोमास' आणि 'तोमे' आले. मराठीशी तर या नावाचं नातं फारच जवळचं, ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' (1616) लिहिणारे फादर स्टीफन्स यांचं पहिलं नाव थॉमसच. आणि मुंबईत रोज चर्चगेटला उतरणाऱ्यांसाठी, त्या नावातलं चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं 1718 चं सेंट थॉमस चर्च, किल्ल्याच्या ज्या दरवाजातून तिकडे जायचे तो चर्च गेट.