निधी संकलन आणि जनसंपर्क : कोल्हापुरातील सेवाभावी संस्था

निधी संकलन आणि जनसंपर्क : निराधार मुले, दिव्यांग, एकल महिला, वृद्ध, स्थलांतरित मजूर यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला लागणारा पैसा समाजातून उभा करणे आणि त्या कामाची खरी माहिती समाजापर्यंत पोहोचवणे, अशी एकाच पदाकडे सोपवलेली जबाबदारी. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत यासाठी दोन स्वतंत्र विभाग असतात. कोल्हापुरात ही कामे बहुधा एकाच माणसाकडे येतात. त्याला कुठे निधी व संपर्क प्रमुख म्हणतात, कुठे समन्वयक; लहान संस्थेत कार्यवाहच ते बघतात. मनुष्यबळाच्या टंचाईतून ही पद्धत पडली असली तरी ती हिताची आहे. ज्याने पैसे मागितले त्यालाच पुढच्या वर्षी त्याच दारात जाऊन त्या पैशाचे काय झाले हे सांगायचे असते, त्यामुळे मागताना अवाच्या सवा आश्वासने दिली जात नाहीत.

या शहराला लोकवर्गणीतून संस्था उभारण्याची जुनी सवय आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. दरबाराने हातभार लावायचा आणि त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांनी वर्गणी जमवून कारभार चालवायचा, अशी ही घडी होती. दसरा चौकाच्या परिसरातून फिरताना या वसतिगृहांच्या इमारती आजही दिसतात. याच जिल्ह्यातल्या कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या आणि शिक्षणासाठी कोल्हापुरात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. पुढे तिच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड घराघरांत पोहोचला. रोजच्या स्वयंपाकातले मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि संस्थेचा माणूस आला की त्याच्या झोळीत घालायचे. निधी संकलनाचे जे तत्त्व आज प्रशिक्षणवर्गांत शिकवले जाते, ते यात पुरते आले आहे : रक्कम लहान असावी, ती नियमित यावी आणि देणाऱ्याला आपण कामाचे भागीदार आहोत असे वाटावे.

आज कोल्हापुरात बालकल्याण संकुल, नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड, मतिमंद मुलांसाठी काम करणारी चेतना, वीटभट्टी कामगारांच्या मुलांसाठी व वंचित महिलांसाठी झटणारी अवनि अशा अनेक संस्था आहेत. निवासी संस्थेचा खर्च कधीच थांबत नाही. सरकारी अनुदान मिळत असले तरी ते हप्त्याने आणि उशिरा येते. किराणा दुकानाची उधारी मात्र महिन्याच्या महिन्याला चुकती करावी लागते.

देणगीचे स्वरूप. कोल्हापूरकर मोकळ्या हाताने देतो, पण प्रसंगाने देतो. वाढदिवस, आईचे वर्षश्राद्ध, नव्या घराची वास्तुशांत, मुलाचा दहावीचा निकाल, अशा निमित्ताने संस्थेत फोन येतो : ‘तेवीस तारखेला मुलांना जेवण द्यायचंय, किती पोरं आहेत?’ संस्थेत यासाठी तारखांची वही असते. पितृपंधरवड्यात आणि दिवाळीच्या आगेमागे एकेका तारखेला दोन-तीन जण मागणी करतात. एप्रिल-मे महिन्यांची पाने कोरी राहतात. निधी प्रमुखाचे कौशल्य इथे लागते. जेवणाची तारीख भरलेली आहे म्हणून फोन ठेवून देणे सोपे असते. ‘त्या दिवशीचं जेवण ठरलंय, पण आईंच्या नावानं एका मुलीचा वर्षाचा औषधखर्च घेता का?’ असे विचारायला माणसांची पारख लागते आणि हातात खर्चाचा नेमका आकडाही असावा लागतो.

सर्वांत अवघड मागणी पगारासाठीची. धान्य, वह्या, ब्लँकेट, चाकाची खुर्ची यांसाठी दाता लगेच तयार होतो. मुलांची रात्रीची शी-शू काढणाऱ्या मावशींचा पगार, फिजिओथेरपिस्टचे मानधन, हिशेबनिसाचा मेहनताना यांचे नाव काढले की ‘तो तुमचा प्रशासकीय खर्च’ असे उत्तर येते. प्रस्तुत लेखकाच्या मते या कामाची खरी कसोटी हीच आहे. मावशी नसतील तर खुर्ची कोपऱ्यात पडून राहते, ही गोष्ट दात्याला संस्थेत बोलावून, दोन तास बसवून दाखवावी लागते; पत्रकातून ती कळत नाही. काही दाते त्यानंतर एका कर्मचाऱ्याचा वर्षभराचा पगार उचलतात. उरलेल्या तुटीसाठी संस्था स्थायी निधी वाढवतात आणि त्याच्या व्याजावर भागवतात.

कायदेशीर चौकट. बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात व त्यांच्यावर धर्मादाय आयुक्तालयाची देखरेख असते. दात्यांच्या तोंडी मात्र असतो तो ‘८० जी’. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील या कलमाने देणगीवर करसवलत मिळत असे. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेवर ती मिळत नसे आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या दात्यालाही नसे. या कायद्याखाली संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची नावे, पत्ते, पॅन क्रमांक व रकमा नमुना १० बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरून प्रमाणपत्रे द्यावी लागत. त्यामुळे पावती पुस्तकाचे महत्त्व फार वाढले. क्यूआर कोडवरून पैसे येणे सुरू झाल्यापासून नवीच अडचण उभी राहिली आहे. कार्यक्रमाच्या दारात लावलेल्या कोडवर संध्याकाळभरात रकमा जमतात, पण बँकेच्या उताऱ्यात दात्याचे अर्धवट नाव दिसते, पत्ता नसतोच. अनामिक देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यावर कर लागतो. म्हणून जाणत्या संस्था कोडशेजारी वही घेऊन एक स्वयंसेवक बसवतात.

परदेशी निधीसाठी २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. गावाकडचा कुणी अमेरिकेत नोकरीला असेल आणि त्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. नागरिकत्व बदलले असेल तर ठरते. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो आधीच विचारावा.

उद्योगांकडून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम), १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. कोल्हापूरचा औद्योगिक पाया शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींवर (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांवर), इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, हुपरीच्या चांदीकामावर उभा आहे. यातले बहुसंख्य कारखाने लहान आहेत आणि या कलमाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून मुंबईतल्या संस्थेचे प्रस्तावलेखन जसेच्या तसे उचलून इथे भागत नाही. इथला फाउंड्रीमालक प्रस्ताव वाचत बसत नाही. ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन या, मुलांना भेटू द्या, मग बोलू, अशी त्याची रीत असते. तो रोख रकमेऐवजी लोखंडी खाटा करून देतो किंवा शेडचे काम अंगावर घेतो. अशा वस्तुरूप देणगीचीही रीतसर नोंद व पोच द्यायला हवी.

आपत्तीच्या काळात. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राज्यभरातून मदत आली. अशा वेळी निधी प्रमुखाचे पहिले काम मागण्याचे नसून थोपवण्याचे असते. आज काय हवे, काय नको आणि कुठे पोहोचवायचे याची यादी रोज सकाळी जाहीर केली नाही, तर जुन्या कपड्यांचे ढीग साचतात आणि पिण्याचे पाणी, सॅनिटरी पॅड, ताडपत्री यांची वानवा राहते. पूर ओसरला की बातम्या थांबतात. चिखल काढणे, वह्या-पुस्तके, भिजलेली शिलाई यंत्रे दुरुस्त करणे, हा खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. त्यासाठी काही रक्कम राखून ठेवणार असल्याचे देणगी घेतानाच सांगितलेले बरे.

माहिती देण्याची मर्यादा. स्थानिक दैनिकांची पाने, आकाशवाणी, शाहू स्मारक भवनातली वस्तूंची प्रदर्शने, वार्षिक अहवाल आणि आता व्हॉट्सॲपवरचे मासिक पत्र ही इथली नेहमीची साधने. पेठांतल्या तालमी आणि गणेश मंडळे यांच्याशी सलोखा असेल तर निरोप दैनिकाच्याही आधी पोहोचतो. मात्र मुलांची छायाचित्रे हा या कामातला सर्वांत नाजूक विषय आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही केक कापताना मुलांसोबत फोटो काढण्याची मागणी दर आठवड्याला होते. कायदा नसता तरी ती नाकारायलाच हवी होती. वाढदिवसाला आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलमध्ये आपला निराधारपणा जमा होणे कोणत्याही मुलाला आवडत नाही, आणि मोठे झाल्यावर तोच फोटो त्याच्या नोकरीच्या ठिकाणी पोहोचू शकतो. पर्याय म्हणून संस्था मुलांनी काढलेली चित्रे, हातांचे किंवा पाठमोरे फोटो आणि नाव बदलून लिहिलेले अनुभव वापरतात. प्रौढ लाभार्थींचीही संमती घ्यावी, ती लेखी असावी आणि नंतर मागे घेता यावी.

प्रशिक्षण आणि वारसा. कोल्हापुरात ‘सायबर’ (छत्रपती शाहू इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस एज्युकेशन अँड रिसर्च) या संस्थेत समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथून आलेले तरुण क्षेत्रकार्यात रमतात, पण पैसे मागण्याकडे कमीपणाचे काम म्हणून पाहतात. त्यामुळे हे पद बरीच वर्षे एकाच ज्येष्ठ व्यक्तीकडे राहते आणि देणगीदारांचे सगळे संबंध तिच्या मोबाइलमध्ये साठतात. ती व्यक्ती निवृत्त झाली की पुढच्या माणसाला कोणाच्या आईचे वर्षश्राद्ध कधी असते हेही ठाऊक नसते. काही संस्थांनी यावर उपाय म्हणून देणगीदारांची संगणकीय नोंदवही ठेवली असून, ज्येष्ठांनी नव्या कार्यकर्त्याला वर्षभर प्रत्येक भेटीला सोबत न्यायचे, असा शिरस्ता पाडला आहे.