पार्श्वभूमी: 'ओरिजिनल' जनता म्हणजे नेमकी कोणती?

आज एचएमटी या सरकारी कंपनीच्या जुन्या 'जनता' घड्याळाचा सौदा होताना पहिला प्रश्न येतो, "डायल (तबकडी) ओरिजिनल आहे का?" वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घड्याळजीच्या काउंटरवर हा प्रश्न ऐकू येत नसे. दिवसाला किती मागे पडतं, काच बदलून मिळेल का, पट्टा कोणता बसेल, एवढीच विचारणा असे. ज्या घड्याळाच्या मशीनला, काट्यांना, तबकडीला हात लागलेला नाही तेच खरं, ही समजूत आपल्याकडे फार उशिरा आली. ती आली तेव्हा या घड्याळांचा कारखाना बंद व्हायच्या वाटेवर होता. सध्याचा गोंधळ समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

मनगटी घड्याळ आपल्याकडे आलं ते स्वित्झर्लंडहून, मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांमार्फत. वेस्ट एन्डचं 'सवार प्रायमा' आणि फेव्हर लुबा ही नावं आजोबांच्या पिढीत सर्रास घेतली जात. ही घड्याळं घरोघरी नव्हती, पण ज्या घरात होती तिथे ती नातवापर्यंत पोचली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण वाढत गेली, तशी आयातीवर बंधनं आली आणि 'फॉरेनचं घड्याळ' चोरवाटेने येऊ लागलं. सरकार ही गोष्ट किती गंभीरपणे घेत होतं ते १९६२ च्या कस्टम्स कायद्यातल्या कलम १२३ वरून कळतं. चोरटा माल असल्याच्या वाजवी संशयावरून जप्ती झाली, तर माल चोरटा नाही हे धारकाने सिद्ध करायचं, असं ते कलम सांगतं. हा नियम ज्या मोजक्या वस्तूंना लावला त्यांत सोन्याच्या जोडीला घड्याळं आहेत. मनगटावरची वस्तू आणि तिजोरीतली वस्तू कायद्याच्या एकाच ओळीत होती.

त्याच सुमारास, १९६१ मध्ये, एचएमटीच्या बंगळुरातल्या सरकारी कारखान्यातून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने पहिली देशी घड्याळं बाहेर पडली. तत्कालीन पंतप्रधानांच्या हस्ते झालेल्या त्या समारंभाची छायाचित्रं पुष्कळांनी पाहिली असतील, त्यामुळे तिथे थांबत नाही. पुढच्या गुंत्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते आतलं मशीन. ०२३१ या क्रमांकाचं, सतरा ज्वेलचं (ज्वेल म्हणजे झीज कमी करणारे बारीक खडे), तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच, रोज चावी द्यायचं. 'जनता'मध्ये तेच, 'पायलट'मध्ये तेच, 'जवान'मध्येही तेच. बाहेरचं रूप बदललं, नाव बदललं, तरी आतलं मशीन तेच राहिलं. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या घड्याळजीलाही ते पाठ झालं. डोळ्याला भिंग लावून त्याने मागचं झाकण उघडलं की काय बिघडलं असेल हे त्याला आधीच ठाऊक असे. एका 'जनता'चा बॅलन्स (ठोके देणारं डुलतं चाक) दुसऱ्या 'जनता'त, 'पायलट'चे चाक 'जवान'मध्ये, असं चालत आलं आणि घड्याळं चालत राहिली.

नावांबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मालकांचा जीव आधी नावातच गुंततो. सोना, कोहिनूर, रजत, तरुण, कांचन, बायकांसाठी सुजाता. एखाद्या घरातल्या मुलांची हाक मारायची नावं वाटावीत अशी. काही तबकड्यांवर 'जनता' देवनागरीत लिहिलेलं असे, आणि ते देवनागरी अक्षर आज जास्त भाव खातं. ऑटोमॅटिकच्या (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळाच्या) चौकटीत वार हिंदीत येई. दृष्टिहीनांसाठी झाकण उघडून काटे बोटांनी चाचपायचं ब्रेल घड्याळही याच कारखान्याने केलं. माझ्या मते या कारखान्याचं ते सगळ्यांत मोलाचं काम, आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं.

१९७० आणि ८० च्या दशकांत मागणी जास्त आणि माल कमी, अशी स्थिती होती. सोनेरी 'कांचन' लग्नसराईत छापील किमतीपेक्षा जास्त मोजून घ्यावं लागे, हे त्या काळातली माणसं अजून सांगतात. मुलगा मॅट्रिक झाला की घड्याळ, नोकरी लागली की घड्याळ, जावयाला घड्याळ, सेवेची पंचवीस वर्षं भरली की मागच्या झाकणावर नाव कोरलेलं घड्याळ. आयुष्यात बहुधा एकदाच मिळणारी वस्तू होती ती. म्हणूनच ती बिघडली तर टाकून देण्याचा विचार मनाला शिवत नसे.

क्वार्ट्झच्या (बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळांच्या) वेळी एचएमटी झोपलं होतं, हे वाक्य सरसकट फेकलं जातं आणि ते मला अन्यायाचं वाटतं. एचएमटीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच क्वार्ट्झ काढलं होतं. तुमकूरचा कारखाना होता, मनुष्यबळ होतं. पण भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. दुसरीकडे होसूरला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झवरच सगळा डाव लावला, देखणी घड्याळं आणली आणि ती मांडायला तितकीच देखणी दुकानं उभी केली. एचएमटीच्या श्रीनगरच्या कारखान्यावर खोऱ्यातल्या अशांततेचं सावट पडलं ते वेगळंच. पुढचा तोट्याचा हिशेब वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं छापून आलेला आहे.

आता मूळ गुंत्याकडे. 'मुंबई स्पेशल' हा शब्द मुंबईत जन्मलेला नाही. परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या संग्राहकांनी तो काढला. भारतातून विकायला येणाऱ्या, चकचकीत नव्या रंगाच्या तबकडीच्या, इथलेतिथले भाग जोडलेल्या जुन्या घड्याळांना ते हिणवून 'मुंबई स्पेशल' म्हणू लागले. स्विस असो, जपानी असो की एचएमटी, ओळखायच्या खुणा त्याच. कारखान्याने कधी काढलाच नाही असा नारिंगी किंवा भडक निळा रंग, जाडसर छपाई, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी न जुळणाऱ्या, तबकडीवर मध्येच रेड क्रॉस किंवा तिरंगा. चोरबाजारात चक्कर मारली तर अशी घड्याळं ओळीने मांडलेली दिसतात.

खुणा बरोबर आहेत. नावात भरलेला तिरस्कार मात्र मला मान्य नाही. तबकडी रंगवणं हा फसवणुकीसाठी शोधलेला धंदा नव्हता. आपल्या हवेत, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईच्या पावसाळ्यात, घाम आणि दमट हवा काचेच्या कडेने आत शिरते, तबकडीवर काळे डाग पडतात, आकडे उडतात. युरोपात अशी तबकडी कंपनीकडे पाठवून बदलून मिळे. इथे आयातीच्या काळात स्विस घड्याळाची नवी तबकडी येणार कुठून? मग ती काढायची, जुना रंग खरवडायचा, नवा द्यायचा, अक्षरं पुन्हा उमटवायची. केसला (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिश किंवा नवा मुलामा, काच नवी, चावी जी बसेल ती. मुंबईतल्या गल्ल्यांमध्ये या कामात तरबेज असलेले कारागीर होते आणि गावोगावचे घड्याळजी त्यांच्याकडे माल पाठवत. गिऱ्हाईक स्वतः सांगे, "नव्यासारखं करून द्या." कल्हई लावलेल्या पातेल्याला कुणी बनावट म्हणत नाही.

माझ्या वडिलांची 'जनता' अशीच आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी, भावाच्या लग्नाआधी, त्यांनी डायल रंगवून घेतली. नीट पाहिलं तर 'पॅरा शॉक'ची (धक्का सोसणारं घड्याळ, अशा अर्थाची) अक्षरं किंचित उजवीकडे सरकलेली आहेत आणि सातच्या जवळची एक रेघ जाड झाली आहे. संग्राहकाच्या हिशेबाने त्या घड्याळाची किंमत निम्म्यावर आली असेल. वडिलांनी लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते घातलेलं आहे.

प्रश्न पुढे निर्माण झाला, घड्याळ मालकाच्या हातून सुटून बाजारात आलं तेव्हा. मालकासाठी केलेली दुरुस्ती मालकाला ठाऊक असते. तेच काम अनोळखी खरेदीदारासाठी, 'जुनं, न वापरलेलं' असं सांगून केलं, की ती फसवणूक होते. हात तोच, रंग तोच, ठसा तोच. फरक फक्त सांगण्यात. 'मुंबई स्पेशल' हा शब्द हा फरक पुसून टाकतो, म्हणून मी तो वापरायचं टाळतो. 'रंगवलेली डायल' म्हणावं, आणि विकणाऱ्याने ते आपणहून सांगावं.

२०१४ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद होणार अशी बातमी आली आणि चित्र पालटलं. ज्या दुकानांत विक्रेते माश्या मारत बसले होते तिथे गर्दी झाली. लोक एकेक नव्हे, पाच-पाच, दहा-दहा घड्याळं घेऊन गेले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करायला मंजुरी दिली. तुमकूरची जमीन अंतराळ संशोधनाच्या कामासाठी गेली. घरातल्या कपाटात पडून असलेल्या घड्याळाला अचानक बाजारभाव आला, आणि भाव आला की 'ओरिजिनल'ची व्याख्या लागतेच.

व्याख्या करू गेलं की मात्र ती हातात राहत नाही. कारखान्यातून निघालेलं आणि डबीसकट जपलेलं घड्याळ, याबद्दल वाद नाही. पण कारखान्याचे उरलेले सुटे भाग बाहेर आले, त्या अस्सल भागांतून नंतर कुणी एका टेबलावर 'पायलट' जोडलं, तर? प्रत्येक भाग अस्सल, घड्याळ कारखान्याने कधी पाहिलेलं नाही. अस्सल मशीन आणि अस्सल केसमध्ये नव्याने छापलेली 'जवान'ची तबकडी बसवली, तर? सैन्याशी जोडलेल्या नावामुळे 'जवान'ला मागणी मोठी, त्यामुळे ही जोडणी सगळ्यांत जास्त दिसते आणि सगळ्यांत जास्त माणसं इथेच फसतात. ०२३१ सगळीकडे बसतं, या एकाच गुणावर ही घड्याळं साठ वर्षं तगली. जोडून विकणाऱ्याचं काम सोपं झालं तेही त्याच गुणामुळे.

त्यात अलीकडे आणखी एक भर पडली. बंगळुरात मूळ कंपनीनेच, म्हणजे बंद झालेल्या घड्याळ कंपनीच्या पालक एचएमटीने, पुन्हा घड्याळं विकायला सुरुवात केली. जुनी नावं, नव्या तबकड्या, काहींच्या पोटात जपानी मशीन. विक्री खुली होताच माल काही मिनिटांत संपतो. कागदोपत्री ही घड्याळं शंभर टक्के ओरिजिनल, कारण नाव लावायचा हक्क ज्याचा, त्यानेच लावलं आहे. तरीही ०२३१ वर वाढलेल्या माणसाला ती आपली वाटत नाहीत. मला ही तक्रार थोडी ताणलेली वाटते. पहिल्या घड्याळांची रचनाही जपानचीच होती आणि सुरुवातीच्या तबकड्यांवर 'सिटिझन' हे नाव होतं. नव्या मुलांना चावी द्यायची सवय या निमित्ताने लागत असेल, तर मी या विक्रीच्या बाजूने आहे.

सध्या जाणकारांमध्ये एक चांगली पद्धत रुळते आहे. विकताना नुसतं 'ओरिजिनल' न लिहिता भागवार लिहायचं: मशीन ०२३१, केस मूळ, मुलामा नवा, डायल रंगवलेली, काटे बदललेले. मागचं झाकण उघडून आतला फोटोही द्यायचा. त्या फोटोत कधी कधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे दिसतात. ऑइलिंग-क्लीनिंग केलं की घड्याळजी आपली खूण तिथे कोरून ठेवतात. वडिलांच्या 'जनता'त अशा चार खुणा आहेत, चारही वेगवेगळ्या हातांच्या. त्यातली सगळ्यांत जुनी आता भिंगाशिवाय वाचता येत नाही.