एनएफएलमधील कृष्णवर्णीय प्रशिक्षक आणि रूनी नियम

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत आणि निम्म्याहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. मुख्य प्रशिक्षकांची यादी पाहिली की चित्र पार बदलतं. जानेवारीत जुन्या प्रशिक्षकांची हकालपट्टी आणि नव्यांच्या नेमणुका सुरू झाल्या की हा वाद हमखास पेटतो.

लीगच्या सुरुवातीला मात्र एक वेगळं उदाहरण घडलं होतं. 1921 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन प्रोज संघाच्या प्रशिक्षकपदाची धुरा फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीय खेळाडूने सांभाळली. ते स्वतः खेळतही होते. सामन्याआधी आपल्याला सहकाऱ्यांसोबत नव्हे, तर संघचालकाच्या सिगार कारखान्यात कपडे बदलावे लागत, असं पोलार्ड यांनीच पुढे सांगितलं. नंतर तेवढीही जागा उरली नाही. 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कुठेच नव्हता, पण सगळे संघमालक तो पाळत होते. पोलार्ड यांच्यानंतरचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक लीगला मिळाला तो थेट 1989 मध्ये, रेडर्स संघाचे आर्ट शेल यांच्या रूपाने.

वादाला आजचं रूप आलं 2002 मध्ये. त्या वर्षाच्या सुरुवातीला टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांची पदं गेली. डंजींच्या टॅम्पा बे संघाने नुकत्याच संपलेल्या हंगामात 9 सामने जिंकले होते, 7 हरले होते. ग्रीन यांच्या मिनेसोटा संघाचे विजयांपेक्षा पराभव जास्त, असा त्यांच्या कारकिर्दीतला तो पहिलाच हंगाम होता. सायरस मेहरी आणि जॉनी कॉक्रन या वकिलांनी त्याच वर्षी एक अहवाल काढला. त्यासाठी अर्थतज्ज्ञ जॅनिस मॅडन यांनी पंधरा हंगामांची आकडेवारी तपासली होती. कृष्णवर्णीय प्रशिक्षकांचे संघ हंगामाला सरासरी 1.1 सामने जास्त जिंकत होते आणि तरी त्यांना संधी कमी मिळत होती, नारळ लवकर मिळत होता. वकिलांनी कोर्टात खेचण्याचा इशारा दिल्यावर लीग हलली. पिट्सबर्ग स्टीलर्सचे मालक डॅन रूनी यांच्या समितीने सुचवलेला नियम 2003 पासून लागू झाला, तोच हा रूनी नियम.

इथे आपल्याकडच्या वाचकाचा गैरसमज होऊ शकतो. हे आरक्षण नाही, एकही पद राखीव नाही. मुख्य प्रशिक्षक नेमण्याआधी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्या, एवढीच अट होती. डेट्रॉइट लायन्सने पहिल्याच वर्षी ती न पाळता स्टीव्ह मारियुची यांना नेमलं, तेव्हा संघाचे अध्यक्ष मॅट मिलेन यांना 2 लाख डॉलर दंड झाला.

सुरुवातीला नियमाने खरोखर फरक पडला. फेब्रुवारी 2007 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, डंजी आणि लव्ही स्मिथ हे दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षक समोरासमोर होते. डंजी जिंकले. पण माझ्या मते या नियमाची ताकद मुलाखतीच्या खोलीपुरतीच होती. मुख्य प्रशिक्षक बरेचदा आक्रमण सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरमधून (म्हणजे सहायक प्रशिक्षकांमधून) किंवा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूच्या, प्रशिक्षकांमधून निवडले जातात आणि त्या पायऱ्यांवर गोऱ्यांचंच वर्चस्व राहिलं. तिथवर पोचलेल्यांचंही काय झालं? कॅन्सस सिटीत मुख्य प्रशिक्षक अँडी रीड यांच्या हाताखालचे डग पेडरसन आणि मॅट नेगी हे गोरे कोऑर्डिनेटर दुसऱ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या जागी आलेले कृष्णवर्णीय एरिक बिएनेमी सुपर बोल जिंकूनही मुलाखतीच देत राहिले.

2020 मध्ये नियम कडक झाला, बाहेरच्या दोन अल्पसंख्याक उमेदवारांची मुलाखत सक्तीची झाली. तरी 1 फेब्रुवारी 2022 ला मायामी संघाने नुकतंच काढून टाकलेले कृष्णवर्णीय प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेस यांनी लीगवर आणि तीन संघांवर भेदभावाचा खटला भरला, तेव्हा लीगमध्ये माइक टॉमलिन हे एकच कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते. फ्लोरेस यांचा मोठा पुरावा म्हणजे मोबाइलवरचे संदेश. न्यूयॉर्क जायंट्सकडची त्यांची मुलाखत अजून व्हायची होती आणि त्यांचे जुने वरिष्ठ प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी पद मिळाल्याबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. फ्लोरेस यांनी विचारलं, आपण कोणत्या ब्रायनशी बोलताय? मग बेलिचिक यांनी चूक कबूल करून माफी मागितली. निवड ब्रायन डेबोल या गोऱ्या प्रशिक्षकाची होणार होती आणि झालीही. जायंट्सने आरोप नाकारले. आपली मुलाखत निव्वळ नियमाची औपचारिकता म्हणून घेतली गेली, हे फ्लोरेस यांचं म्हणणं कायम राहिलं.

पुढची लढाई हा खटला ऐकायचा कुणी, यावर झाली. लीगला तो स्वतःच्या आयुक्तांच्या अखत्यारीतल्या लवादाकडे हवा होता. ऑगस्ट 2025 मध्ये अपील न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि लीगवरचे आरोप उघड न्यायालयात चालण्याचा मार्ग मोकळा केला.