राखमातीचा सूक्ष्मजीव अहवाल वाचण्यापूर्वी

ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीचा नमुना आपण आमच्याकडे तपासणीस दिला असेल, तर अहवालातील ‘डीएनएचे प्रमाण’ हा पहिलाच आकडा अपेक्षेपेक्षा कमी दिसू शकतो. तेवढ्यावरून माती निर्जीव आहे असे कृपया समजू नये.

कारण मातीतच आहे. राखेतील काचेसारखे कण झिजताना ॲलोफेन नावाचे अतिसूक्ष्म खनिज तयार होते. अशी ओली माती चिमटीत दाबली, तर आधी घट्ट लागते आणि मग एकाएकी साबणासारखी निसटते. ॲलोफेन फॉस्फेट घट्ट धरून ठेवते आणि डीएनएच्या साखळीच्या कण्यातही फॉस्फेट असल्यामुळे, पेशी फोडल्यावर मोकळा झालेला डीएनए द्रावणात न उतरता पुन्हा मातीलाच चिकटतो. म्हणून या टप्प्यावर आम्ही नमुन्यात स्किम मिल्क पावडर घालतो. हे ऐकून ग्राहक हसतात, परंतु दुधातील प्रथिने कणांवरील जागा आधीच अडवतात आणि डीएनए हाती लागतो. जपानमधील राखमातीवर ही युक्ती वापरली गेली आहे. याची दुसरी बाजूही आहे: चिकटलेला डीएनए सहज कुजत नाही, त्यामुळे अहवालातील सूक्ष्मजीवांच्या यादीतील काही नावे केव्हाच मेलेल्या जीवांची असू शकतात.

अर्जावर राखेचे वय आम्ही आग्रहाने विचारतो. ताज्या राखेत सेंद्रिय कार्बन आणि नायट्रोजन जवळजवळ नसतात, म्हणून तेथे हवेतला नायट्रोजन बांधणारे आणि हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड किंवा लोह यांवर गुजराण करणारे जीवाणू आधी वस्ती करतात. जपानच्या मियाकेजिमा बेटावर 2000 साली झालेल्या उद्रेकाच्या राखेत लोहावर जगणारा लेप्टोस्पिरिलम असाच आढळला. इंडोनेशियातील क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटावर 1883 च्या उद्रेकानंतर तीनच वर्षांनी राखेवर नीलहरित जीवाणूंचा थर दिसला होता. पुढे सेंद्रिय पदार्थ साठत गेले की वस्ती बदलते. त्यामुळे वय, खोली आणि ओलावा सारखा नसलेल्या दोन नमुन्यांतील प्रजातींची संख्या शेजारीशेजारी ठेवण्यात आमच्या मते फारसा अर्थ नाही.

नमुना मात्र उन्हात किंवा भट्टीत वाळवू नये. पूर्ण वाळलेली राखमाती पुन्हा भिजवली तरी पूर्वीइतके पाणी धरत नाही आणि तिच्यातील जीवसृष्टीही बदललेली असते. ओला नमुना स्वच्छ पिशवीत बंद करून बर्फाच्या पेटीतून पाठवावा.