परदेशातल्या तुरुंगातून भारतातल्या तुरुंगात: अर्ज कोण, कुठे आणि कसा करतो

घरातला माणूस दुबईत, मॉरिशसमध्ये किंवा लंडनमध्ये शिक्षा भोगत असेल, तर ‘त्याला इकडे आणता येतं म्हणे’ हे कधी ना कधी कानावर येतंच. आणता येतं, पण घरी नाही. विमानतळावरून गाडी थेट तुरुंगात जाते आणि उरलेली शिक्षा तिथे भोगावी लागते. तुरुंगातल्या भेटीला (तिथल्या भाषेत मुलाखतीला) दर महिन्याला जाता येईल, आपली भाषा कानावर पडेल, आईला निदान गजाआडून तरी मुलगा दिसेल, एवढाच याचा फायदा. हा फायदा लहान नाही. पण सुटकेच्या आशेने अर्ज करणारे पुढे फसतात.

यासाठीचा कायदा २००३ चा आहे आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागू आहे. एकटा कायदा मात्र पुरत नाही. त्या देशाशी भारताचा करार असावा लागतो. असे करार ब्रिटन, मॉरिशस, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, श्रीलंका, थायलंड, इराण अशा बऱ्याच देशांशी झाले आहेत. अमेरिकेशी स्वतंत्र द्विपक्षीय करार नाही, पण युरोपीय परिषदेच्या आणि आंतर-अमेरिकी बहुपक्षीय करारांत दोन्ही देश सामील असल्याने तिथूनही वाट आहे. अमेरिकेत शिक्षा एखाद्या राज्याच्या न्यायालयाने दिली असेल, तर त्या राज्याचीही संमती लागते. पाकिस्तानच्या कोठडीत अडकलेल्या पालघरच्या मच्छीमारांना यातला काहीच उपयोग नाही. त्यांचा प्रश्न २००८ च्या वेगळ्या करारातून, दर १ जानेवारी आणि १ जुलैला होणाऱ्या कैद्यांच्या याद्यांच्या देवाणघेवाणीतून हाताळला जातो.

कोणाला मिळू शकतं

आपल्याकडे तुरुंगात कच्चा कैदी (खटल्याचा निकाल न लागलेला) आणि पक्का कैदी (शिक्षा झालेला) असा भेद करतात. ही सोय फक्त पक्क्या कैद्यासाठी आहे. खटला चालू असेल, अपील पडून असेल किंवा अपिलाची मुदत संपायची असेल, तर अर्ज पुढे सरकत नाही. हे पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण परदेशी तुरुंगांतल्या भारतीयांचा आकडा (मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितला गेला तो १०,१५२) ऐकताना त्यात कच्चे कैदीही धरलेले आहेत हे कोणी लक्षात घेत नाही.

बाकीच्या अटी करारागणिक थोड्या बदलतात, पण सांगाडा सारखाच. कैदी भारतीय नागरिक हवा. अर्ज पोचेल तेव्हा साधारण सहा महिने तरी शिक्षा उरलेली हवी. ज्या कृत्यासाठी शिक्षा झाली, ते भारतातही गुन्हा ठरत असलं पाहिजे. शिक्षा फाशीची नसावी, गुन्हा लष्करी कायद्याखालचा नसावा आणि तिथे दुसरा खटला उभा नसावा. शिवाय कैद्याची स्वतःची संमती लागते. वडिलांनी, बायकोने कितीही सह्या केल्या तरी त्याची सही नसेल तर उपयोग नाही. वय, आजारपण किंवा मानसिक अवस्थेमुळे तो सही करण्याच्या स्थितीत नसेल, तरच त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी बोलू शकतो. आणि सगळं जुळलं तरी दोन्ही सरकारांनी ‘हो’ म्हणावं लागतं. हा हक्क नाही, दोन देशांच्या मर्जीचा मामला आहे.

अर्ज कसा फिरतो

कैदी तिथल्या तुरुंग अधीक्षकाकडे किंवा भारतीय दूतावासाकडे लेखी इच्छा कळवतो. दूतावासाचे अधिकारी तुरुंगात भेटायला येतात, तेव्हा हे सांगणं सर्वांत सोपं. इथून नातेवाइकांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून पाठपुरावा करता येतो.

भारताच्या बाजूचा निर्णय मात्र दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय घेतं. तिथला देश निकालपत्राची प्रमाणित प्रत, ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्याचा मजकूर, किती शिक्षा भोगून झाली, अटकेत किती दिवस गेले, किती सूट मिळाली याचा हिशोब, वर्तणुकीचा आणि वैद्यकीय अहवाल आणि कैद्याचं संमतिपत्र पाठवतो. भारताला उलट त्याचं नागरिकत्व, आपल्या कायद्यातला तत्सम गुन्हा आणि इथे शिक्षा कशी भोगवली जाईल हे कळवावं लागतं. त्यासाठी राज्य सरकारला विचारणा होते, पत्त्याची खातरजमा होते, कोणता तुरुंग घेईल ते ठरतं. घरच्यांनी पासपोर्टची प्रत (जुन्या पासपोर्टचीही), निकालपत्राची प्रत, रहिवासाचा पुरावा आणि नातं दाखवणारे कागद एका फाइलीत तयार ठेवावेत. नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल, तर प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या.

दंड बाकी असेल तर तो आधी निपटवा. न भरलेला दंड किंवा भरपाई हे नकाराचं नेहमीचं कारण ठरू शकतं. ऐपत नसलेल्यांना कायदेशीर मदतीसाठी आणि किरकोळ दंडासाठी दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून पैसे मिळू शकतात. प्रवासाचा खर्च साधारणपणे कैद्याला घेणारा देश, म्हणजे इथे भारत करतो, मात्र तो कैद्याकडून वसूल करण्याची मुभा बऱ्याच करारांत आहे.

सही करण्याआधीचा हिशोब

मुंबई उच्च न्यायालयात आलेलं एक प्रकरण यासाठी माहीत असावं. मॉरिशसमध्ये १५२.८ ग्रॅम हेरॉइन बाळगल्याबद्दल एका भारतीयाला २६ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये त्याला भारतात आणलं. आपल्या कायद्यात तेवढ्या हेरॉइनला जास्तीत जास्त दहा वर्षं आहेत. म्हणून शिक्षा दहावर आणावी, असं उच्च न्यायालयाने म्हटलं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. करारानुसार मूळ शिक्षेचा कालावधी भारतावर बंधनकारक आहे. ती भारतीय कायद्याशी मुळातच विसंगत असेल, तरच बदल करता येतो. नुसती जास्त असणं म्हणजे विसंगत नव्हे.

म्हणजे तिथली लांब शिक्षा मागोमाग इथे येते. निकालाविरुद्ध दाद मागायची तर तीही तिथेच. उलट आखाती देशांत रमजान-ईदला किंवा राष्ट्रीय दिनी माफीच्या याद्या निघतात. दोन-अडीच वर्षं उरलेल्या माणसाने अशा यादीची वाट पाहावी की इकडे यावं, हे त्यानेच ठरवावं. माझं मत विचाराल तर उरलेली शिक्षा थोडी असेल तर अर्जाची घाई करू नये. कागद दोन देशांच्या चार कार्यालयांतून फिरेपर्यंत बरेचदा सुटकेचीच तारीख येते. २०२२ च्या सुरुवातीपर्यंतच्या सरकारी आकडेवारीत या कायद्याखाली भारतात आणलेल्यांची संख्या ७५ होती.

शिक्षा आठ-दहा वर्षांची असेल, आई-वडील थकलेले असतील आणि तिकडे भेटायला जाणं परवडत नसेल, तर मात्र निकाल अंतिम झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दूतावासाला पत्र द्यावं आणि त्याची पोच जपून ठेवावी.