सिंपली सॉसर : पंकच्या बारशाला जेवलेला बँड

‘सिंपली सॉसर’ या कॅनडातल्या रॉक बँडचा पहिला अल्बम १९८९ साली आला, तेव्हा बँड मोडून दहा वर्षं झाली होती. आतलं संगीत तर त्याहून जुनं, १९७४-७५चं. आज या बँडबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक या एकाच तबकडीच्या आधाराने, आणि घोळाची सुरुवातही तिथेच आहे.

‘सायबोर्ग्ज रिव्हिजिटेड’ नावाची ही तबकडी अल्बम म्हणून कधी आखलीच नव्हती. तिची एक बाजू १९७४च्या उन्हाळ्यात हॅमिल्टनजवळच्या अँकास्टरमध्ये मुद्रित झाली, एका घराच्या तळघरातल्या स्टुडिओत. स्टुडिओ दोन भावांचा, घर त्यांच्या आईचं. (त्यातल्या एकाने पुढे १९८७मध्ये एका आयरिश बँडच्या तुफान खपलेल्या अल्बमची सहनिर्मिती केली. तळघराचा उल्लेख हटकून होतो तो त्यामुळे.) दुसरी बाजू जून १९७५मधली, हॅमिल्टनच्या जॅक्सन स्क्वेअर या बाजारसंकुलाच्या गच्चीवर वाजवलेली. यातलं काहीच त्या काळात बाजारात आलं नाही.

हॅमिल्टन हे ओंटारिओतलं पोलाद कारखान्यांचं गाव. बँड तिथे १९७३च्या सुमारास उभा राहिला. नाव घेतलं पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या १९६८च्या अल्बमवरून, गिटारचा कर्कशपणा न्यूयॉर्क आणि डेट्रॉइटकडचा, आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे चीत्कार. तिन्हींची भेसळ इतकी घट्ट, की कुठलं काय हे सोडवून दाखवणं कठीण.

यालाच आता ‘प्रोटो-पंक’ म्हणतात, म्हणजे पंक या आक्रमक, आटोपशीर रॉकच्या आधीचं संगीत. हा शब्द ‘शिवपूर्वकालीन’सारखा आहे: त्या काळात जगणाऱ्या माणसाला आपण कशाच्या ‘पूर्वी’ आहोत हे ठाऊक असायचं कारण नाही. शिवाय तो निवडून निवडून लावला जातो. तळघरातली चार-पाच मिनिटांची, दात-ओठ खाऊन वाजवलेली गाणी त्यात सहज बसतात. पण गच्चीवरचं एक गाणं दहाएक मिनिटं चालतं. पंकने ज्याच्याविरुद्ध बंड केलं असं मानतात, तोच हा ऐसपैसपणा. म्हणजे तबकडीची एक बाजू पंकच्या आधीची आणि दुसरी सायकेडेलियाच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या तंद्री लावणाऱ्या लांबलचक रॉकच्या, नंतरची. लेबल मात्र एकच. बँड पंकच्या बारशाला जेवला हे खरं, पण बाळाचं नाव त्याने ठेवलं असं म्हणणं जरा जास्तच होतं.

खरी गंमत १९७८ची. तोवर पंक खरोखरच आलं होतं, टोरांटो तासाभरावर होतं. अशा वेळी बँडने काय काढलं? सात इंची सिंगल, दोन्ही बाजूंना आटोपशीर, गुणगुणता येतील अशी गाणी. यंत्रांचा कल्लोळ गायब. जुन्या मुद्रणांवर जीव असलेले श्रोते याला माघार मानतात. मला ते पटत नाही. बँड हयात असताना त्याच्या नावावर निघालेली ती एकमेव तबकडी. १९७४चं संगीत चार वर्षं पेटीत पडून होतं. तेच पुन्हा वाजवत बसायचं कुणासाठी? १९७९मध्ये बँड मोडला.

नंतरचा इतिहास मात्र त्या पेटीचाच आहे. १९८९नंतर २००३मध्ये ‘सायबोर्ग्ज’ची सीडी आली. तिच्यात सिंगलची गाणी होती, पण शेवटी, पुरवणी म्हणून. मरणोत्तर जुळवलेली तबकडी मूळ ग्रंथ ठरली आणि बँडने स्वतः काढलेली परिशिष्टात गेली. सीडीमुळे नवे श्रोते मिळाले, २००६मध्ये बँड पुन्हा एकत्र आला. २००८च्या ‘हाफ ह्यूमन, हाफ लाइव्ह’ या अल्बमची बांधणीही ओळखीचीच: अर्धा स्टुडिओतला, अर्धा लोकांसमोर वाजवलेला. फक्त या वेळी तो तसा आखलेला होता.