दारावरच्या हिरव्या फांद्या : सर्वांत मोठ्या दिवसाच्या स्वागताची पार्श्वभूमी

उत्तर गोलार्धात २१ जूनच्या आसपास वर्षातला सर्वांत मोठा दिवस येतो. त्या निमित्ताने दारावर पानाफुलांचं कडं लावायचं, अंगणात शेकोटी पेटवायची, बागेतल्या औषधी वनस्पती खुडून सुकायला टांगायच्या, हे आता युरोपाबाहेरही ओळखीचं झालं आहे. या रूढींचा इतिहास सांगताना बहुतेक जण थेट इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळापाशी पोहोचतात. इ.स.पू. २५००च्या सुमारास उभारलेल्या त्या प्रचंड शिळांचा अक्ष या दिवसाच्या सूर्योदयाशी जुळतो, हे खरंच थक्क करणारं आहे. मात्र उलट दिशेला तोच अक्ष हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सूर्यास्ताशीही जुळतो. शिळा उभारणाऱ्यांना दोन्हींपैकी कोणता क्षण जास्त मोलाचा होता, यावर पुरातत्त्वज्ञांचं एकमत नाही. घराच्या दारावर फांदी का आली, हे त्या शिळा सांगत नाहीत. त्यासाठी मध्ययुगीन युरोपातल्या उंबरठ्यांकडे आणि परसबागांकडे वळावं लागतं.

आधी तारखेचा घोळ समजून घ्यायला हवा. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे जूनमध्ये सूर्य कर्कवृत्तावर माथ्यावर येतो आणि तिथून दक्षिणायन सुरू होतं. मार्चमध्ये सूर्य रोज साधारण ०.४ अंश उत्तरेकडे सरकत असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हे सरकणं इतकं मंदावतं की नुसत्या डोळ्यांना सूर्योदयाची जागा कित्येक दिवस तीच भासते. नेमका दिवस बघून ठरवणं सामान्य माणसाला अवघडच, म्हणून पंचांगातली ठरलेली तारीख चालायची. रोमन परंपरेत ती २४ जून होती. ख्रिस्ती चर्चने हीच तारीख येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या जन्माला दिली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानानुसार योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, आणि येशूचा जन्म २५ डिसेंबरला मानला जाऊ लागला होता. योहानाच्या जन्मानंतर दिवस लहान होऊ लागतात आणि येशूच्या जन्मानंतर मोठे, ही संगती संत ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने आपल्या प्रवचनांत आवर्जून मांडली.

सुरुवातीच्या शतकांत या दिवशी लोक घरोघरी काय करत, याचे पुरावे विरळ आहेत. गंमत म्हणजे सुरुवातीच्या नोंदी सापडतात त्या मनाई करणाऱ्यांच्या लिखाणात. सातव्या शतकातला फ्रान्समधल्या नॉयाँचा बिशप संत एलिजियस याच्या नावावर असलेल्या प्रवचनात, योहानाच्या सणाला नाच, उड्या आणि गाणी करू नका, अशी ताकीद आहे. ज्याअर्थी ताकीद द्यावी लागली, त्याअर्थी लोक ते मनापासून करत असणार. बाराव्या शतकात जाँ बेलेथ या धर्मपंडिताने मात्र चिडून न जाता वर्णन केलं आहे. लोक हाडं जाळतात, मशाली फिरवतात, चाक गडगडत सोडतात. आणि चाक का, तर सूर्य सर्वांत उंच जागी पोहोचून आता खाली उतरू लागतो म्हणून.

घराच्या सजावटीचं मला सर्वांत आवडणारं वर्णन लंडनचं आहे. जॉन स्टो याने १५९८ साली आपल्या शहराचा तपशीलवार वृत्तान्त छापला. त्यात योहानाच्या सणाच्या आदल्या रात्री प्रत्येक दारावर काय असायचं, ते त्याने नावानिशी दिलं आहे : बर्चच्या हिरव्या फांद्या, बडीशेपेचे लांब तुरे, सेंट जॉन्स वॉर्ट आणि ऑर्पिन या वनस्पती, पांढऱ्या लिली, वर फुलांच्या माळा आणि रात्रभर जळणारे तेलाचे काचेचे दिवे. रस्त्यांवर जाळ पेटायचे आणि सधन घरं दारापुढे टेबलं मांडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊपिऊ घालायची. भांडलेले शेजारी त्या जाळापाशी समेट करायचे, हेही तो नोंदवतो.

ही यादी बागकाम करणाऱ्याच्या नजरेने वाचून बघावी. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं आणि ते थेट १७५२पर्यंत चाललं. त्या कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. शतकानुशतकं ती मिनिटं साचत गेली आणि स्टोच्या काळात खरा मोठा दिवस ११-१२ जूनलाच होऊन जात असे. म्हणजे लंडनकर सूर्याला जवळजवळ बारा दिवस उशिरा मान देत होते. आजच्या हिशेबाने ती रात्र जुलैच्या सुरुवातीची. पांढरी लिली आणि सेंट जॉन्स वॉर्ट त्या दिवसांत बहरात असतात. तारीख सूर्यापासून सुटली तरी बागेला धरून राहिली, आणि सण घराघरांत टिकला तो यामुळेच, असं माझं मत आहे.

सेंट जॉन्स वॉर्टचं पान उजेडासमोर धरलं तर त्यात सुईने टोचल्यासारखे असंख्य ठिपके चमकतात. त्या तेलाच्या पारदर्शक ग्रंथी असतात. पिवळी कळी बोटांत चुरडली की बोटं लालसर जांभळी होतात. सोनेरी फुलातून रक्तासारखा रंग निघतो, मग ही वनस्पती वाईट शक्तींना दारातच अडवते अशी श्रद्धा बसली तर नवल नाही. (तिचे अर्क पोटात घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधं यांसारख्या अनेक औषधांचा परिणाम त्यांनी कमी होतो.) ऑर्पिनचा मान वेगळ्या कारणाने. जाड, रसाळ पानांमुळे तोडल्यावरही ती खूप दिवस हिरवी राहते. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तरुण मुली तिच्या फांद्या जोडीने खोचत आणि त्या एकमेकींकडे झुकतात की पाठ फिरवतात, यावरून लग्नाचं भाकीत करत.

उत्तरेकडे हीच रीत अधिक जोमाने जगली. लाटवियात २३ जूनच्या रात्री सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जाळ विझू द्यायचा नसतो. पुरुष ओकच्या पानांचे आणि स्त्रिया फुलांचे मुकुट घालतात. सोव्हिएत राजवटीने या सणाची सुट्टी काढून घेतली होती, तरी लोकांनी घरच्या घरी तो चालू ठेवला. स्वीडनमध्ये पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभारतात. ती पद्धत जर्मनीकडून आली. तिकडे तो खांब मे महिन्यातला, पण स्वीडनमध्ये मेच्या आरंभी पुरेशी पालवीच फुटलेली नसते, म्हणून तो जूनमध्ये सरकला, हे स्पष्टीकरण मला पटतं. पूर्वेकडे जुनं कॅलेंडर पाळणाऱ्यांत हाच सण ७ जुलैला येतो. तिथे त्या रात्री नेच्याला फूल येतं आणि ते सापडणारा भाग्यवान ठरतो, अशी कथा आहे. नेचे बीजाणूंपासून वाढतात, त्यांना फूल कधीच येत नाही.

बागेच्या वेळापत्रकात २४ जून आजही कामाची तारीख आहे. जर्मनीत त्या दिवशी अ‍ॅस्परॅगसची तोडणी थांबते. त्यानंतर कोंब तोडत राहिलं तर झाडाला पानोळा वाढवून मुळांत पुढच्या वर्षीचं अन्न साठवायला वेळच उरत नाही. रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचीही तोडणी तेव्हाच बंद होते. झाडं दिवसाची लांबी ओळखतात, हे डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर आणि एच. ए. अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली सप्रयोग मांडलं. कांद्याला गड्डा धरायला जातीप्रमाणे दिवसाची ठरावीक लांबी लागते. थंड प्रदेशातल्या लांब दिवसाच्या जातींना ती याच आठवड्यांत मिळते. म्हणून तिकडे कांद्याची रोपं वसंताच्या सुरुवातीलाच लावून घेतात : दिवस मोठा होईपर्यंत जितकी पात वाढली असेल, तितकाच मोठा गड्डा हाती लागतो.